दृष्टांत कशासाठी होतो?

आपल्या नांदेड-लातूरच्या मुलखात पहाटे कंदील घेऊन दारात येणारा पिंगळा आता पूर्वीसारखा दिसत नाही. कुडमुडे जोशीही विरळ झाले. पण पुढे काय होणार हे ऐकून घेण्याची माणसाची हौस काही विरळ झालेली नाही. पाऊस पडेल का, पोरीचे यंदा जमेल का, कोर्टातला दावा कोणाच्या बाजूने लागेल, हे प्रश्न पूर्वी पिंगळ्याला विचारीत. आता ते अंगात येणाऱ्या बाईला विचारतात, भगताला विचारतात, नाहीतर मोबाईलवर बोलणाऱ्या एखाद्या महाराजाला विचारतात. कीर्तन आटोपून बुवा चार घास खायला बसले की त्यांच्या पाटाजवळही कोणीतरी हळूच सरकतो आणि म्हणतो, "महाराज, तुमी एवढं हरीचं नाव घेता, मंग पुढचं काही दिसतं का हो?"

वारकऱ्याचे उत्तर ठरलेले आहे. आमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, पंचांग नाही. शकुन पाहणे, भविष्य सांगणे, देव अंगात आणणे या गोष्टींचा संतांनी कडक शब्दांत निषेध केला आहे आणि तुकोबारायांनी तर अशांची भीड मुळीच ठेवलेली नाही. येथपर्यंत सारे सरळ आहे. परंतु विचारणारा हुशार असला तर तो पुढे म्हणतो, "मंग तुकोबांना सपनात गुरू भेटले ते काय? नाथांना ज्ञानोबा दिसले ते काय? संतांचा दृष्टांत खरा अन् आमच्या गावच्या बाईचा खोटा, असं कसं?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. संतांचे दृष्टांत खोटे म्हणावेत तर आपल्या परंपरेचा पायाच हलतो; आणि सर्वांचेच खरे म्हणावेत तर ज्याला जे दिसेल ते ऐकावे लागेल, आणि मग गरिबाच्या घरची कोंबडी, बकरी आणि अखेर जमीनही त्या दिसण्यापायी जाईल. म्हणून खऱ्या दृष्टांताची ओळख कोणती, याचा विचार आपण केला पाहिजे. तो विचार आम्ही येथे आमच्या बुद्धीप्रमाणे मांडीत आहोत. वाचकांनी तो घासून-पुसून घ्यावा.

संतांना दृष्टांतात काय मिळाले?

प्रथम आपल्याच घरातली उदाहरणे पाहू. पैठणला नाथमहाराजांना ज्ञानोबारायांचा दृष्टांत झाला. अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, आळंदीस येऊन ती काढ, असे माउलींनी सांगितले, ही कथा लहान पोरालाही पाठ आहे. आता या दृष्टांतात भविष्य कोठे आहे? उद्या काय घडेल याचा एक शब्द त्यात नाही. त्यात आहे ते काम. नाथमहाराज आळंदीस गेले, समाधीचा जीर्णोद्धार केला, आणि पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती मिळवून, अपपाठ काढून, शुद्ध प्रत सिद्ध केली. विचार करा, गळ्याला लागलेली मुळी म्हणजे तरी काय? माउलींचा कंठ म्हणजे त्यांचा ग्रंथ. त्या कंठाला तीनशे वर्षांच्या नकलाकारांनी लावलेले फास नाथांनी सोडविले. आज सप्ताहात आपण व्यासपीठावर जी पोथी उघडतो, तिच्यामागे त्या एका रात्रीच्या दृष्टांतापेक्षा पुढची डोळे फोडणारी मेहनत अधिक आहे.

तुकोबारायांचेही असेच. माघ शुद्ध दशमीस स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. त्या स्वप्नात गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि तुकोबांना त्याचा विसर पडला, एवढी साधी गोष्ट त्यांनी प्रांजळपणे सांगून ठेवली आहे. भोंदूला असे स्वप्न पडले असते तर त्यात सोन्याचे सिंहासन आले असते. पुढे दुसऱ्या स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि त्यांनी काय दिले? आपले अपुरे राहिलेले अभंग पुरे करण्याचे काम दिले. त्या कामापायी तुकोबांना शिव्या खाव्या लागल्या आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. भाग्य उजळेल, दुकान चालेल, असे काही ते स्वप्न म्हणाले नव्हते.

बहिणाबाईंची गोष्ट तर याहून कठीण. कोवळ्या वयात, कोल्हापुरी असताना, कीर्तनातून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले, ध्यास लागला आणि स्वप्नात तुकोबांनीच त्यांना उपदेश केला. ब्राह्मणाच्या सुनेने शूद्र म्हणून हिणवल्या गेलेल्या पुरुषाला गुरू म्हणणे त्या काळी सोपे होते काय? घरात मार पडला, निंदा झाली. पण पाहिलेले त्यांनी नाकारले नाही. त्या दृष्टांताने त्यांच्या संसारातली एकही अडचण दूर केली नाही, उलट एक वाढवली. मात्र जगण्याला दिशा दिली.

तिन्ही ठिकाणी एकच खूण दिसते. ज्याला दृष्टांत झाला त्याच्या शिरावर ओझे आले. मानपान आला तो मागाहून, आणि तोही बहुधा देह ठेवल्यानंतर.

आपल्या भाषेने हे फार पूर्वीच ओळखले आहे. स्वप्नात देव किंवा गुरू दिसणे याला आपण दृष्टांत म्हणतो. आणि कीर्तनात बुवा सिद्धांत सांगून तो पटवण्यासाठी जी गोष्ट सांगतात तिलाही दृष्टांतच म्हणतो. कीर्तनातला दृष्टांत कितीही रंगला तरी तो सिद्धांतासाठी असतो. गोष्ट लक्षात राहिली आणि सिद्धांत विसरला, तर ते कीर्तन फुकट गेले. झोपेतल्या दृष्टांताचेही तेच आहे. त्यामागचा सिद्धांत कोणता, हे विचारल्याशिवाय त्याच्या मागे धावू नये.

नामदेवरायांचे कच्चे मडके

कोणी म्हणेल, काम लावणारा दृष्टांत श्रेष्ठ हे मान्य. पण नुसते दर्शन झाले तरी माणूस धन्य होत नाही काय? याला उत्तर आपल्याच मराठवाड्याच्या मातीत आहे.

नामदेवराय नरसीचे. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे आणि नांदेडकरांना ती घरच्यासारखीच. नामदेवांना दर्शनाची वाण नव्हती. देव त्यांच्याशी बोले, त्यांच्या हातचे जेवी. दुसऱ्याला जन्मात एकदा होणार नाही ते त्यांना रोज होत होते. आणि अशा नामदेवांच्या डोक्यावर आपल्या मराठवाड्यातल्याच तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे मारून सर्व संतांसमक्ष सांगितले की हे मडके कच्चे आहे. ज्याला रोज देव दिसतो तो कच्चा! नामदेव रुसले, विठ्ठलाकडे गेले, तर देवाने काय करावे? त्याने भक्ताची बाजू घेतली नाही. गुरू कर म्हणून त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले.

पुढची कथा औंढा नागनाथाची म्हणून परंपरा सांगते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, बाबा, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतात तेथे पिंडी. त्या क्षणी मडके भाजले गेले. म्हणजे झाले काय? आजवर देव एका ठिकाणी, एका रूपात, आपल्यापुरता दिसत होता. तो सर्वत्र दिसू लागला. कुत्र्याने भाकरी पळवली तर त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा नामदेव हा या भाजल्या मडक्याचा नामदेव.

सांगायचे ते इतकेच की आमच्या संप्रदायात देवाचे प्रत्यक्ष दर्शनसुद्धा शेवटची कसोटी मानलेली नाही. दर्शनाने 'मला दिसतो' हा अहंकार वाढला तर मडके कच्चे, आणि दर्शनाने कुत्र्यापर्यंत करुणा पोचली तर पक्के. हा निवाडा एकट्याने आपल्यापुरता करायचा नसतो. तो संतांच्या मेळ्यात होतो. थापटणे गोरोबांच्या हाती होते, नामदेवांच्या नव्हे.

शेजाऱ्याच्या ग्रंथातील द्रष्टे

हा प्रश्न आपल्यालाच पडला असे नाही. ज्या धर्मांत देव माणसाशी बोलतो असे मानले आहे त्या सर्वांना तो पडला आहे. ख्रिस्ती बांधव आपल्या मराठवाड्यातही पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसविलेले बेथेल हे गाव १९ व्या शतकातले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे कवी नारायण वामन टिळक तर आपल्याला ठाऊकच आहेत. त्या टिळकांच्या चरित्रात एक गंमत आहे. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, असे सांगतात. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरे झाले. पण टिळक पालटले ते भाकितामुळे काय? ते पालटले हातात आलेला ग्रंथ वाचून, त्याच्याशी झगडून. भाकीत करून उतरून गेलेल्या त्या प्रवाशाचे नावसुद्धा लोकांच्या ध्यानात राहिले नाही.

त्यांच्या धर्मग्रंथातील द्रष्ट्या पुरुषांना जुन्या मराठी ख्रिस्ती लिखाणात 'भविष्यवादी' म्हटलेले आढळते. आजच्या मराठी बायबलात 'संदेष्टा' हा शब्द आहे. या दोन शब्दांत आमच्या मते सगळा वाद आला. पहिला शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पंचांग येते. दुसरा शब्द ऐकला की निरोप घेऊन धापा टाकीत आलेला माणूस येतो. त्यांच्यातलेही जाणते लोक सांगतात की दुसराच शब्द खरा. संदेष्टा उद्याची बातमी सांगायला येत नाही. देवाचा आजचा निरोप सांगायला येतो, आणि तो निरोप बहुधा ऐकणाऱ्याला गोड लागत नाही.

आमोस नावाचा संदेष्टा पाहा. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातला हा मेंढपाळ, उंबराच्या जातीची झाडे राखणारा. त्याला दृष्टांत झाले ते कशाचे? टोळधाडीचे, आगीचे, आणि भिंतीशी ओळंबा धरून उभ्या असलेल्या देवाचे. ओळंबा गवंड्याच्या हातात असतो. भिंत सरळ आहे की कलली आहे हे तो सांगतो. कोणत्या दिवशी पडेल याची तिथी सांगत नाही. आमोसाने पाहिले की आपल्या लोकांची भिंत कलली आहे. मापात मारतात, तराजूत खोट करतात, जोड्याच्या किमतीला गरिबाला विकतात, आणि वर देवळात गाणी म्हणतात. हे त्याने बेथेल या क्षेत्राच्या ठिकाणी जाऊन सांगितले. (आपल्या जालन्याच्या बेथेलाचे नाव त्याच क्षेत्रावरून आलेले.) तेथल्या पुजाऱ्याने त्याला हाकलले: जा, आपल्या गावी जाऊन पोट भर. त्यावर आमोसाने सांगितले की आपला धंदा संदेष्ट्याचा नाही, आपण गुरेमेंढ्या राखणारे. देवाने उचलून धाडले म्हणून आलो. देहूच्या वाण्याला मंबाजी आणि रामेश्वर भट्ट यांनी काय सुनावले ते आठवा, म्हणजे हा मेंढपाळ परका वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट योनाची. निनवे हे मोठे नगर पापाने भरले होते. चाळीस दिवसांत ते उलथून पडेल असे सांगण्यासाठी देवाने योनाला धाडले. त्याने सांगितले. लोकांनी ऐकले, राजासुद्धा राखेत बसला, सर्वांनी वाईट मार्ग सोडला, आणि देवाने संकट मागे घेतले. नगर पडले नाही! योना रागावून बसला, कारण त्याचे भविष्य खोटे ठरले. भोंदू आणि देव यांच्यातला फरक येथे कळतो. आपले सांगणे खरे ठरावे म्हणून नगर पडले तरी भोंदूला चालते. नगर वाचावे म्हणून आपले सांगणे खोटे पडले तरी देवाला चालते. खरी भविष्यवाणी ही खोटी ठरावी म्हणूनच केलेली असते. आई लेकराला सांगते, "विहिरीकडं जाऊ नको, पडशील." लेकरू गेले नाही, पडले नाही, म्हणून आईचे बोलणे फोल झाले असे कोणी म्हणतो काय?

त्याच ग्रंथात खोट्या द्रष्ट्यांचीही हजेरी घेतलेली आहे. एका राजाने लढाईला जावे की नाही असे विचारले तेव्हा चारशे जणांनी एका सुरात जय होईल म्हणून सांगितले. एकट्या मीखायाने उलटे सांगितले, त्याला चपराक मिळाली आणि तुरुंग मिळाला. राजा त्या लढाईतून जिवंत परतला नाही. राजाला हवे ते सांगणारे चारशे आणि खरे सांगणारा एक, हे प्रमाण सर्वकाळी साधारण सारखेच असावे. मोशेच्या धर्मशास्त्रात तर याहून बारीक विचार आहे. सांगितलेले घडले नाही तर तो देवाचा निरोप्या नव्हे, हे तर आहेच. परंतु सांगितलेला चमत्कार खरा झाला तरी, जर तो मनुष्य तुम्हांला देवापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नका, असेही तेथे बजावले आहे. पुष्कळांना वाटते की खरे ठरले म्हणजे संपले. तसे नाही. खरे ठरलेले भविष्यसुद्धा माणसाला खड्ड्यात नेऊ शकते. आणि संत पौलाने आपल्या पत्रात सर्वांवर कळस चढवला: सारी गूढे कळली, संदेश देण्याची शक्ती लाभली, पण प्रीती नसली तर तो माणूस काहीच नव्हे. भाजल्या मडक्याचीच ही खूण.

असे असूनही त्यांच्यातही लोक भरकटले. दानिएलाला झालेल्या दर्शनांना मराठी बायबलात 'दृष्टांत' हाच शब्द आहे. त्या दृष्टांतांतील आकड्यांवरून अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकऱ्याने जगाच्या अंताचे गणित मांडले आणि अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. रात्र सरली, सकाळ झाली, सूर्य नेहमीसारखा उगवला. पीक तेवढे शेतात राहिले. खरे पाहता तो शेवटचा प्रकटीकरणाचा ग्रंथ असो की दानिएलाचा, छळाखाली पिचलेल्या लोकांना धीर देण्यासाठी ती दर्शने सांगितली गेली, असे अभ्यासक मानतात. रडणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला हात होता तो. लोकांनी त्याची बोटे मोजून तिथी काढली.

किल्लारीचा प्रश्न

हे सगळे बोलणे आम्ही लातूर-नांदेडच्या मातीत बसून करीत आहोत. तेव्हा एक प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, चारच्या सुमारास, औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. लोक गाढ झोपेत होते. सुमारे १० हजार माणसे गेली. कित्येक घरांत रडायलाही कोणी उरले नाही. त्या गावांत माळकरी होते, भजनी मंडळे होती, विठ्ठल-मारुतीची देवळे होती. मग विचारणारा विचारतो: देव दृष्टांत देतो म्हणता, मग त्या रात्री एकाला तरी का दिला नाही? आणि त्याहून वाईट असे एक वाक्य अशा वेळी उठतेच: कुणाचे तरी पाप भरले असेल!

दुसऱ्या वाक्याचा समाचार आधी घेऊ. मोठमोठ्यांच्या तोंडून हे वाक्य निघाले आहे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असे गांधीजींनी म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्याला उघड विरोध केला. गांधीजींची तळमळ खरी होती, अस्पृश्यता पाप आहे यातही शंका नाही. पण ढिगाऱ्याखाली गेलेली लेकरे कोणाची अस्पृश्यता पाळीत होती? येशू ख्रिस्तांपुढेही असाच प्रश्न आला होता. शिलोह येथील बुरूज कोसळून १८ माणसे मेली. ती यरुशलेमेतील इतरांहून अधिक पापी होती काय? त्यांनी स्वच्छ 'नाही' म्हणून सांगितले, आणि लगेच बोट विचारणाऱ्यांकडे वळवले: तुम्ही आपले जीवन पालटा. मेलेल्यांचा हिशेब मांडू नका, आपला मांडा. कर्मसिद्धांत मानणाऱ्या आपण वारकऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर मारण्यासाठी तो दगड नव्हे. शेजाऱ्याचे लेकरू गेले आणि आपण त्याला प्रारब्ध सांगितले, तर आपण त्याला दुसऱ्यांदा पुरले.

आता पहिला प्रश्न. देवाने का सांगितले नाही, याचे उत्तर आमच्यापाशी नाही, आणि आहे म्हणून सांगणाऱ्याकडे आम्ही थोडे सावधपणेच पाहू. भूकंपाचा दिवस आणि वेळ आगाऊ सांगणे शास्त्रज्ञांनाही आज साधलेले नाही. मात्र एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीस धक्के जाणवले होते. आणि घरे कशी होती? हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, त्याही मातीत रचलेल्या. वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे थापत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात ती थंड राहत, पण हादरा बसताच भिंत फुगली आणि सगळे माळवद निजलेल्या माणसांच्या अंगावर आले. कुडाच्या, पत्र्याच्या हलक्या घरांनी त्या मानाने कमी जीव घेतले. पापपुण्याचा हिशेब तेथे चाललाच नव्हता; दगड आणि माती यांचा चालला होता. आमोसाच्या ओळंब्याची आठवण येथे होते. भिंत कलली आहे हे सांगणारा ओळंबा धरणारे कोणी असते, आणि ऐकणारे असते, तर किती जीव वाचते!

यात त्या गावकऱ्यांना दोष नाही. गरिबाने बापजाद्यांनी बांधले तसे बांधले. त्याला दुसरे कोणी शिकवले होते? दोष द्यायचा तर ज्यांना कळत होते आणि ज्यांनी सांगितले नाही त्यांना द्यावा. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हादरा सोसणारी घरे कशी बांधावीत हे गवंड्यांना शिकवले गेले. आमच्या मते घराच्या कोपऱ्यात लोखंडी सळई नीट बांधून घेणारा तो गवंडी संदेष्ट्याचेच काम करीत होता. उद्याचे संकट त्याने पाहिले आणि ते खोटे पाडण्यासाठी हात चालवले. आणि त्या पहाटेनंतर ढिगारे उपसायला गावोगावहून जे धावले, त्यांतील कित्येकांना झोपेत कोणी देव दिसला नव्हता. पण ढिगाऱ्याखालून आलेली हाक त्यांना ऐकू आली होती. हा दृष्टांत नव्हे तर काय?

आता कसोटी

तेव्हा उद्या कोणी म्हणाले की मला दृष्टांत झाला, तर काय करावे? हसू नये, आणि पायही धरू नयेत. शांतपणे काही गोष्टी पाहाव्यात. या दृष्टांताने काम कोणाला लागले आणि लाभ कोणाला झाला? दिसले त्याच्या शिरावर ओझे आणि लोकांना मोकळीक, तर बरे. दिसले त्याच्या घरी नैवेद्य आणि लोकांच्या घरी कर्ज, तर तो दृष्टांत नव्हे, दुकान आहे. त्याने मनात भय बसले की वळण लागले? पाटावर बसवलेली सून, डाकीण म्हणून वाळीत टाकलेली म्हातारी, असे कोणी त्यातून भरडले जात असेल तर तेथे देवाचे नाव घेणेही पाप. तो ज्ञानेश्वरी, भागवत आणि गाथेच्या सिद्धांताशी जुळतो का? आणि शेवटी, सांगणारा गोरोबांच्या थापटण्याखाली डोके द्यायला तयार आहे का? चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाने जो चिडतो त्याचे मडके कच्चे आहे एवढे निश्चित समजावे. फसवणाऱ्याला पकडण्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कीर्तन-प्रवचन, वारी यांना त्याने हात लावलेला नाही. पण कायदा चोराला पकडील. विवेक आपला आपल्यालाच सांभाळावा लागेल.

नांदेडला गोदातीरी १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्यापूर्वी, यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू, अशी व्यवस्था लावली. त्या ग्रंथात आपल्या नरसीच्या शिंप्याची ६१ पदे आहेत. हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. एकाचे स्वप्न एकालाच ठाऊक. त्याची तपासणी कोण करणार? पण शब्द सर्वांसमोर उघडा असतो. तो रोज वाचता येतो, त्यावर वाद करता येतो, त्याच्याशी आपले वागणे लावून पाहता येते. नाथांनी दृष्टांतानंतर ग्रंथ शुद्ध केला, तुकोबांनी स्वप्नानंतर गाथा दिली, त्याचे मर्म हेच असावे. डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी सर्वांच्या कानांना देऊन टाकले.

आषाढीला नरसीहून नामदेवरायांची पालखी निघते. वाटेत पाऊस लागेल का, गर्दीत देवळापर्यंत पोचता येईल का, पुढच्या वर्षी आपण असू का, हे दिंडीतल्या कोणालाच ठाऊक नसते. आणि तरी पाय थांबत नाहीत. बरोबरच्या म्हातारीचे गाठोडे कोणीतरी घेतलेले असते, मागे राहिलेल्यासाठी कोणीतरी थांबलेला असतो. पुढचे दिसावे असा वर वारकरी मागत नाही. शेजारी चालणारा दिसावा, एवढे जरी आपल्याला साधले तरी नामदेवरायांना औंढ्यात जे दिसले त्यातले थोडेसे आपल्यालाही दिसले असे म्हणता येईल.

रामकृष्णहरी.